हायड्रोजनची लाल रेघ

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गंगाखेडच्या कॉलेजात जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं. आता त्याच प्रयोगशाळेत मी शिकवते. रिडबर्ग स्थिरांक काढायचा प्रयोग त्यांचा लाडका. हायड्रोजनच्या नळीत वीज सोडायची, पडदे ओढून दुर्बिणीतून त्या उजेडातल्या रंगीत रेघा बघायच्या, त्यांचे कोन मोजायचे आणि त्यावरून आकडा काढायचा. "गंगाखेडात काढा न्हाईतर सूर्यावर, आकडा तोच," असं ते सांगत. पंचाईत तीच होती. उत्तर पुस्तकात छापलेलं, त्यामुळे पोरं उलटं गणित करून कोन लिहायची. अण्णा अशा जर्नलवर लाल फुली मारायचे. "दिसलं तेवढंच लिहा," एवढंच म्हणायचे. त्या फुलीपायी मीही रडले आहे. पोटच्या पोरीलाही सवलत नव्हती.

यंदा परभणीच्या डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू सांगितला. अण्णांच्या मते डॉक्टरला काही कळत नाही. मोटारसायकल सोडायला तयार नाहीत. बाजाराच्या दिवशी उसाच्या ट्रॅक्टरांमधून ते गाडी काढायचे आणि परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. शेवटी मी वाट्टेल ते बोलले. तर म्हणाले, "चल तुझ्या लॅबमधी. लाल रेघ दाखवतो तुला, मंग बोल."

गेलो. त्यांना स्टुलावर बसवून मी पडदे ओढले. नळीच्या बटणाकडे वळले, तोवर यांनी घाईघाईने दुर्बिणीला डोळा लावलासुद्धा.

"दिसायलीय की! लाल, लय ठसठशीत." दुर्बीण जराशी सरकवली. "ही निळी-हिरवी. आन् ही जांभळी, थोडी फिकट."

क्रम बरोबर होता. जांभळीचं फिकेपणही बरोबर होतं. फक्त नळी अजून बंद होती.

राग यायला हवा होता, आलं रडू. काय करावं सुचेना, म्हणून बटण दाबलं. नळीचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागला. अण्णांचे कान अजून तिखट आहेत, आणि तो आवाज त्यांनी जन्मभर ऐकलेला.

डोळा तसाच लावून त्यांनी दुर्बीण पुन्हा एकदा सरकवून पाहिली. मग नळीच्या गुलाबी उजेडात त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली, टेबलाची कड चाचपली आणि किल्ली माझ्याकडे सरकवली.

"मार फुली," म्हणाले.