खंडूच्या पाठीवरचे डाग

खुटबावच्या बौद्धवाड्यातला साहेबराव दौंडच्या कचेरीत कारकून होता. चौदा एप्रिलला माईकसमोर उभा राहिला की देवऋषी, अंगारे-धुपारे यांच्यावर असा तुटून पडायचा की म्हातारी माणसंही माना डोलवायची. त्याला शिकवलं ते थोरल्या भावानं, खंडूनं, लोकांच्या उसाला पाणी धरून. तोच खंडू चौऱ्याहत्तर साली बिघडला. उसातून कुणी हाका मारतंय म्हणायचा. जेवणात विष कालवलंय म्हणून ताट भिरकावायचा.

दौंडच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. "येरवड्याच्या मनोरुग्णालयात न्या. औषधानं उतार पडतो."

साहेबरावानं चिठ्ठी खिशात घातली, पण भावाला नेलं नाही. कचेरीत कळलं तर? लोक आपल्याकडंही त्याच नजरेनं बघतील. आज-उद्या करता करता आठ महिने गेले.

शेवटी त्यांची आई भागुबाई रडकुंडीला आली. शिरूरच्या पुढं घोड नदीच्या काठी एक देवऋषी होता. "एकडाव नेऊ, साहेबा. कुणाला कळतंय?"

आणि साहेबराव गेला. एस्टीत टोपी कपाळावर ओढून बसला.

बाधा जबर आहे म्हणत देवऋष्यानं विळा तापवला. "पाय धरा."

साहेबरावानं खंडूचे पाय धरले. पहिल्या डागाला खंडू किंचाळला, "साहेबा, तू शिकल्याला हाईस, सांग की ह्यास्नी!" साहेबरावानं पकड सोडली नाही. तीन डाग बसले.

आठवड्यात जखमा चिघळल्या, ताप चढला. पुन्हा दौंडचा दवाखाना. डॉक्टरांनी सदरा वर केला आणि विचारलं, "कुणी नेलं होतं?"

"म्याच, डाक्टरसाहेब," भागुबाई घाईघाईनं म्हणाली. "ह्यो हापिसात व्हता. ह्येला ठावं न्हाई."

आईनं साहेबरावाची लाज झाकली आणि त्यानं ती झाकू दिली.

जखमा भरल्यावर तो खंडूला येरवड्याला घेऊन गेला. तिथं तीन महिने ठेवून घेतलं. घरी आला तो मंद झालेला, हात थरथरणारा. पण जेवत होता, झोपत होता. दर महिन्याला औषध सुरू झालं.

एका रविवारी खंडू दारात दोर वळत बसला होता. साहेबराव शेजारी टेकला. "दादा, त्या दिवशी..."

"पाय तू धरलं व्हतंस," खंडू म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मला आधी वाटलं, सोडवाया आलाय." आणि त्यानं पुढचा पेड घेतला.

साहेबरावाला तिथं बसवेना, उठवेना.

दुसऱ्या दिवशी तो कचेरीआधी दवाखान्यात गेला. रांगेतली माणसं ऐकत होती तरी म्हणाला, "डॉक्टर, आई खोटं बोलली. भावाला मी नेलं होतं. पाय मीच धरले होते."

डॉक्टरांनी खंडूचा केसपेपर पुढं ओढला. "औषधाची पुढची तारीख कधी आहे?"

"येत्या गुरुवारी."

"चुकवू नका," म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.