पिवळ्या हातांचा बाप

एकाहत्तर साली लढाईची हवा सुरू झाली आन बारुदीच्या कारखान्यात मुरलीधर भोयरला गोळे भरायच्या खात्यात घातलं. तिथली भुकटी साबणानं निघत नसे. कपडे तिथंच बदलून यावं लागे, तरी घरी उशीवर, बनियनवर, ताटाच्या काठावर पिवळा डाग उमटेच. हात तर मनगटापर्यंत कावीळ झाल्यासारखे. मदन महल वस्तीतल्या गल्लीतले हिंदी बोलणारे टवाळ ओरडत, "हाथ पीले हो गए भैया, दूसरी शादी कर ली क्या?" मुरलीधर हसे.

बायको अंजनी हसत नसे. लग्नाला सहा वर्षं होऊन आत्ता कुठं तिला दिवस गेले होते. माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण इथंच, शेजारच्या शकुबाईच्या भरवशावर. नवऱ्याचं बनियन धुताना बादलीतलं पाणी पिवळं होई, आन तेच आपल्या पोटात उतरतंय असं तिला वाटे. सातव्या महिन्यात पोर हालते का पाहाले त्यानं तिच्या पोटावर हात ठेवला. तिनं तो झटकला.

"दूर व्हा जी! विष आहे ते. माह्या पोराले हात नका लावू."

"अवं, धुऊन आलो ना."

"धुतल्यानं जाते का ते? सांगा."

त्या दिवसापासून त्यानं अंथरूण ओसरीत टाकलं, पाण्याचा तांब्या वेगळा केला. तिला बरंच वाटलं.

डिसेंबरात पोरगा झाला. लढाई भरात होती. तिसऱ्या दिवशी पोर पिवळं पडलं. डोळे, तळवे, नाकाचा शेंडा. अंजनी बाजेवरून किंचाळली, "तुमचेच हात! भरलं ना पोट?"

"काहून बोंबलून राहिली वं?" शकुबाई म्हणाली. "निम्मी लेकरं होतात अशी. कवळ्या उन्हात निजव, दूध पाज."

डॉक्टरनंही तेच सांगितलं. आठवड्यात पोर गुलाबी झालं. बोलून मोकळी झालेली अंजनी बोललेलं विसरूनही गेली.

बारशाला तिनं पोर पुढं केलं. "घ्या जी."

मुरलीधरनं दोन्ही हात पाठीमागं नेले. बायांत कुजबुज झाली, "याले पोर नकोच होतं वाटते."

अंजनी म्हणाली, "अहो, डॉक्टर म्हणले ना, हातानं नाही झालं!"

"डॉक्टरले माह्या खात्यातलं काय मालूम?"

लढाई संपली. खातं बदललं. हळूहळू हात नखांसकट निवळले. तरी खुळखुळा आणला तर तो खाली ठेवे, पोराच्या हातात देत नसे. अंजनीनं आधी विनवलं, मग टोमणे मारले, मग सोडून दिलं.

पोरगं दोन वर्षांचं असताना अंगणात पडलं. गुडघा फुटला. मुरलीधर हातभर अंतरावर उभा.

"अंजने, पोट्टं पडलं ना!"

ती पिठाच्या हातानं धावत आली. "उचलाले काय झालं होतं? आता तं साफ झाले हात!"

"तूच म्हणली होती."

"भेवापोटी म्हणली! किती वर्षं धरून बसान?"

दोघांचं जुंपलं. तोवर पोट्टं आपलं आपणच उठलं. पलीकडच्या दारात शकुबाई मेथी निवडत बसली होती. तिच्या मांडीवर जाऊन बसलं, आन मग रडलं.