अभ्यासिकेसाठी तोडलेली पानं

आमच्या टोलीत, जंगलाकाठच्या या छोट्या वस्तीत, अभ्यासिका हवी, असं ग्रामसभेत मीच म्हणाले होते. खरं तर ठरवून म्हणाले असंही नाही. कोणीतरी विचारलं, "कॉलेजात जाते ते पोरगी का म्हनते?" सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि तोंडातून निघून गेलं. आरमोरीच्या कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिली, टोलीतलीही पहिलीच. घर एका खोलीचं. मला बसून वाचायला जागा हवी होती, एवढंच.

"तुले पुस्तक वाचाले जागा पायजे म्हनून आमी जंगलात हिंडाव का?" शेजारचे काका मागून बोलले. बायका हसल्या. आई वळली. "तुमच्या पोराले मोबाइल घेऊन बसाले पारावर जागा हाये नं, भाऊ? मंग हिले काऊन नोको?"

पंचायतीकडे अर्ज आधीच गेला होता, आणि निधी आला की पाहू, असं उत्तरही आलं होतं. टोलीचा स्वतःचा पैसा म्हणजे तेंदूपत्त्याचा, जंगलातून तोडलेल्या बिडीच्या पानांचा. आमची ग्रामसभा आता पानं स्वतःच विकते. तोडणाऱ्याला मजुरी मिळते, आणि वर उरतं ते ग्रामसभेच्या खात्यात जातं. त्यातून अभ्यासिकेच्या भिंती झाल्या. छत आणि फरशी राहिली. मग ठरलं, हंगाम संपताना प्रत्येक घरानं एक दिवस अभ्यासिकेसाठी तोडायचं आणि त्या दिवसाची मजुरी घरी न नेता खात्यात टाकायची. टोलीची बोरिंग अशीच झाली होती. त्यामुळे कोणाला यात काही वेगळं वाटलं नाही. मला तर आनंदच झाला होता.

भीती नंतर आली. हंगामाच्या शेवटी जवळची पानं संपलेली असतात, चांगली पानं नाल्यापलीकडेच उरतात. त्याच आठवड्यात शेजारच्या गावातली एक बाई तिकडे तोडायला गेली आणि परत आली नाही. टोलीत तिच्याबद्दल कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. वाघ हा शब्दसुद्धा कोणी काढत नव्हतं. जनावर म्हणायचे, आणि तेही हळू.

बाबा तेलंगणात कामाला गेले होते. मी आईला म्हणाले, "तू नोको जाऊ. मी जातो."

"तुले हात हाये का पानाचा? पुडे बांधता बांधता दुपार करशीन."

"मंग कोनीच नोको जाऊ आपल्या घरचं."

"अन् लोक का म्हनतीन? जागा मांगाले पुढं, तोडाले मांगं?"

शेवटी आम्ही दोघी गेलो. उजाडता उजाडता सगळे रांगेनं नाला उतरलो. पुढे काका, हातात कुऱ्हाड, उगाच मोठ्यानं खोकत. तेंदूची झुडपं कमरेइतकीच असतात, वाकल्याशिवाय पान हाती लागत नाही. आणि वाकलेलं माणूस जनावराला माणूस वाटत नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. म्हणून थोड्या थोड्या वेळानं एकानं हाक द्यायची आणि बाकीच्यांनी ओ द्यायची. मी पानं कमी तोडत होते. जास्त वेळ आईची हिरवी साडी बघत होते.

एक झुडूप जरा दाट होतं. मी त्यात हात घातला, चार-सहा पानं खुडली, वर पाहिलं तर साडी नव्हती. काकांनी हाक दिली. इकडून ओ आली, तिकडून ओ आली. आईची नाही. मला वाटलं, ऐकलं नसेल. पुन्हा हाक गेली. पुन्हा सगळ्यांची ओ, आणि आईची नाही. हातातली पानं तशीच होती, ती टाकायचंही सुचलं नाही. मनात एकच चाललं होतं, की अभ्यासिका मी मागितली.

मग पळसामागून आई दिसली. पाठीकडून. ती ताठ उभी राहून एकेक पाऊल मागे टाकत येत होती. मान वळवत नव्हती. माझ्यापर्यंत पोचली तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. मग मलाही तसंच मागे ओढत नेलं.

सगळे मोकळ्या जागी गोळा झाल्यावर ती बोलली. "कान दिसला. एकच कान. हालला." मग म्हणाली, "ओ देली असती तर थे उठलं असतं. गठ्ठा तिथीच हाये."

ती गठ्ठ्याचं बोलली तेव्हा मला रडू फुटलं. "मले नोको अभ्यासिका. नोकोच. चला घरी."

"आता नोको म्हनते!" काका म्हणाले. "मंग त्या भिंतीत का बकऱ्या बांधू?"

कोणी हसलं नाही. एक म्हातारी आजी खाली बसून श्वास घेत होती. ती म्हणाली, "तुया एकटीची नाई थे, बाई. मायी नात बी बसनार हाये तिथं." मला त्यानं हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तिथेच उभ्या उभ्या ठरलं की पुढे जायचं नाही. परतताना बांधाबांधानं मिळाली ती लहान पानं तोडली. पुडे कमी झाले, पैसेही कमीच आले. त्यात पत्र्याचं छत बसलं, फरशी राहिली. बायकांनी जमीन शेणानं सारवली. आता संध्याकाळी पोरं तिथे बसतात. मीही बसते.

परवाच्या ग्रामसभेत फरशीचा विषय निघाला. सारवलेल्या जमिनीला ओल येते, पोरांच्या वह्या भिजतात, हे खरंच आहे. यंदाही प्रत्येक घरानं एक दिवस द्यावा, असं कोणी म्हणालं, आणि आई पटकन म्हणाली, "जाऊ नं. एक दिवसानं का होते?"

"मातीच बरी हाये," मी म्हणाले.

"अवो, पन लेकरायच्या वह्या..." आई सांगायला लागली.

"मातीच बरी!"

आवाज बराच मोठा निघाला असावा, कारण काका माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "राहू दे आता." विषय पुढच्या सभेवर गेला. ती सभा व्हायची आहे, आणि तेंदूला नवी पानं फुटायला लागली आहेत.