मॅडमचा समुद्र

आम्ही दोघे-तिघे म्हातारे चहाला बसलो की आखातातल्या जुबैलच्या कॅम्पाचे किस्से निघतात. एक संपत नाही तोवर दुसरा वर येतो. मी कमी बोलतो. पण आखाती लढाईच्या साली मी तिथे सुतार होतो, म्हणून हे माझ्याच वाट्याचे.

स्कड रॉकेटं पडणार अशी बातमी आली तसे गोरे साहेब बंगले सोडून निघाले. आमच्या साहेबांनी किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, "चाचा, सामान गेलं तर जाऊ दे. हिचं चित्र तेवढं सांभाळ." मॅडम आदल्या वर्षीच वारल्या होत्या. चित्रातला समुद्र त्यांनी स्वतः रंगवलेला, मी कापून दिलेल्या प्लायवर.

*

दुसऱ्याच दिवशी कॅम्प बॉस डिसूझा आणि स्टोअरवाला पिल्ले बंगल्यात हजर. दोघंही म्हणाले, "मी सांभाळायला नेतो." ओढाओढीत टी-सेटमधले कप डिसूझाकडे गेले, बशा पिल्लेकडे. पुढे पिल्ले महिनाभर बशीतूनच चहा प्यायला.

*

मग दम्माम शहरातला जुन्या वस्तूंचा व्यापारी आला. चित्र बघून डिसूझाच्या कानात म्हणाला, "दोनशे वर्षांचं." पिल्लेच्या कानात म्हणाला, "तीनशे."

डिसूझाने मला विचारलं, "चाचा, लाकूड किती जुनं?"

मी म्हटलं, "ते झाडाला विचारा."

*

दोघांनी एकेकटं येऊन गुपचूप सांगितलं, चित्र पेटीत भरून मलाच दे. मी एकाच मापाच्या दोन पेट्या ठोकून दिल्या. दोघंही आपली पेटी सोडून एकमेकांची चोरत बसले. शेवटी उघडल्या, तर एकीत कपाटाचं डावं दार, दुसरीत उजवं. मला कोणी काही विचारलं नाही. बदलाबदली दुसऱ्याने केली, अशी दोघांची खात्री.

*

सायरन झाला की मेसच्या खोलीत बसायचं. विषारी गॅस आत येऊ नये म्हणून खिडकी बंद करायचं काम माझं. आत चादर, वर फळी, कडेने पट्ट्या आणि टेप. फळीला एकही खिळा लागू दिला नाही.

दोघं मास्क लावून त्याच खिडकीखाली भांडत. "चित्र तूच लपवलंस." "खा शपथ कुराणाची, नाही तर बायबलची, तू सांग कुठंय."

एकदा पिल्ले फळीला टेकला. डिसूझा खेकसला, "सरळ बस. फळी सुटली तर सगळे मरू."

*

लढाई खलास झाली, साहेब परतले. मेसमध्ये डिसूझाने कप आणला, पिल्लेने बशी. दोघं एकमेकांकडे बोट दाखवून एकदम म्हणाले, "साहेब, चित्र ह्याने नेलं."

साहेबांनी चहाला हात लावला नाही. उठून माझ्याकडे वळले.

"बसा साहेब," मी म्हणालो. "खोलीत फार कोंदट झालंय."

आणि पकड घेऊन खिडकीतल्या फळीकडे गेलो.