शेवटचा नळ

आमच्या गावचं पाणी चांगलं की वाईट, हे माझ्या हातातल्या बोटभर काचेच्या नळीवर ठरतं. मी ग्रामपंचायतीचा नळवाला. सकाळी टाकीत ब्लिचिंग पावडर टाकायची, व्हॉल्व्ह खोलायचा आणि नळाचं पाणी नळीत घेऊन त्यात औषधाचे दोन थेंब सोडायचे. पाणी पिवळं झालं की ब्लिचिंग तिथवर पोचलं, प्यायला हरकत नाही. पांढरंच राहिलं तर पोचलं नाही. एवढंच माझं शास्त्र. ते मला मोहाडीला एका दिवसाच्या प्रशिक्षणात शिकवलं, दुपारी पुरीभाजी दिली आणि 'जलसुरक्षक' असं भारदस्त नाव देऊन घरी पाठवलं. गावानं ते नाव कधी तोंडात घेतलं नाही. बायका 'नळवाले भाऊ' म्हणतात, आणि पाणी उशिरा आलं की त्यातला भाऊही गळतो.

त्या प्रशिक्षणात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. पाणी टाकीजवळच्या नळावर तपासू नका, शेवटच्या नळावर तपासा. तिथं पिवळं आलं तरच खरं. मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघही मारली. शेवटचा नळ शोधायला मला कुठे जावं लागणार नव्हतं. तो माझ्याच दारात आहे.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तलावात मासोळी धरणारे लोक. आमचा मोहल्ला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गावापेक्षा चढावर. पाइपलाइन आली तेव्हा सगळ्यांनी नारळ फोडले, पण पाणी काही आमच्याकडे चढेना. तोटी फिरवली की नुसती फुसफुस हवा. तेव्हा युक्ती मीच काढली. दारात कमरेइतका खड्डा खणला, तोटी कापून टाकली आणि पाइपाचं तोंड खड्ड्यात खालीच मोकळं सोडलं. पाणी आलं. बारीक धार का होईना, आलं. मोहल्ल्यानं माझी पाठ थोपटली आणि आठवड्याभरात प्रत्येक दारात तसाच खड्डा झाला.

आता पाण्याजवळच मासोळी धुवायची, ही आमची जन्माची सवय. भांडीही तिथंच. ते सगळं पाणी खड्ड्यात साचतं. संडासाचा खड्डाही हातभर अंतरावर. पाइपाचं तोंड त्या साचलेल्या पाण्यात बुडतं आणि मी टाकीवर व्हॉल्व्ह बंद केला की रिकामा होणारा पाइप ते पाणी आत ओढून घेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच आधी बाहेर येतं. म्हणून पहिले दोन गुंड, म्हणजे हंडे, सोडून द्यायचे, तिसऱ्यापासून भरायचं, अशी आम्ही आपल्यापुरती पद्धत पाडली होती. दोन गुंड पाणी वाहून गेलं की पाइप धुऊन निघाला, असं आम्ही धरून चाललो.

हे मला ठाऊक होतं. नळवाल्याला ठाऊक नसेल तर कोणाला असेल? पण मी नळी घेऊन रोज पंचायतीसमोरच्या पहिल्या नळावर जायचो. तिथं हमखास पिवळं यायचं. रजिस्टरात 'योग्य' लिहायचो, सही करायचो. माझ्या दारात पांढरं आलं असतं तर तेही लिहावं लागलं असतं. मग खड्डे बुजवायचा हुकूम निघाला असता आणि पाळीवरच्या बायका पुन्हा हातपंपावर गेल्या असत्या, ज्याचं पाणी गंजासारखं लाल येतं. तर मी मोहल्ल्याची काळजी करत होतो. निदान स्वतःला मी तसं सांगत होतो.

माझी बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. साकोलीला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजानं सातव्या महिन्यात आईनं तिला घरी आणलं. धानाच्या रोवणीचे, भर पावसाचे दिवस होते. खड्डे काठोकाठ भरलेले. तिच्या सासरी पिण्याला कॅनचं पाणी येतं. आल्या दिवशी तिनं गुंडातलं पाणी ग्लासात घेतलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि मला विचारलं,

"दादा, इथचं पानी चांगलं हाये ना?"

"रोज तपासून राहिलो ना मी," मी म्हणालो. "चांगलं हाये बाई. पी."

ती प्यायली. भाऊ सांगतोय म्हटल्यावर का नाही पिणार? शिवाय आपला भाऊ सरकारी नळी घेऊन फिरतो, याचा तिला अभिमानच होता. सासरी ती सांगायची म्हणे, माझा दादा पाण्याचा डॉक्टर आहे.

महिन्याभरानं तिचं खाणं सुटलं. भाताचा वास सहन होईना. गरोदरपणात होतं असं, म्हणून आम्ही सोडून दिलं. मग एका सकाळी अंगणात वेणी घालताना आईनं तिची हनुवटी वर केली आणि कंगवा तसाच केसांत राहिला. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा झाला होता.

"कावीळ हाये," आई म्हणाली. "उतरवून आणू."

आमच्याकडे कावीळ दवाखान्यात नेत नाहीत, उतरवतात. दोन गावं सोडून एक म्हातारा होता, आठवड्यातले दोन वार बसायचा. मी माझ्या मोटारसायकलवर बहिणीला बसवलं, मागे आई. दहा-बारा माणसं आधीच ओळीत होती. म्हाताऱ्यानं बहिणीच्या तळहातांना कसल्याशा सालीचा रस चोळला, हात पितळी परातीवर धरायला लावले आणि पुटपुटत वरून चुन्याचं पाणी सोडलं. परातीतलं पाणी बघता बघता पिवळं झालं. गर्द पिवळं. ओळीतली माणसं पुढे वाकून पाहू लागली.

"पाहा माय, निघून राहिली," म्हातारा आईला म्हणाला. "तीन वाऱ्या करा. दवाखान्यात नेऊ नका, सुई टोचली का बिघडते."

आईनं त्या परातीला हात जोडले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बहीण माझ्याकडे बघून थकलेलं हसली. "दादा, केवढी होती पाह्य ना अंगात."

मला त्या क्षणी कळलं होतं. हे मी लपवणार नाही. रोज सकाळी दोन थेंब टाकून पाणी पिवळं करणारा माणूस मी. रस आणि चुना मिळून रंग येतो, रोग बाहेर येत नाही, हे त्या ओळीत फक्त मला समजायला हवं होतं आणि मला समजलंही. तरी मी गप्प बसलो. आई रडत होती म्हणून नव्हे. कावीळ परातीत उतरली तर विषय तिथंच मिटत होता. दवाखान्यात गेलो असतो तर पहिला प्रश्न आला असता, पाणी कुठलं पिता? तो प्रश्न मला नको होता. म्हणून मी म्हाताऱ्याला नमस्कार केला आणि गाडीला किक मारली.

तीन वाऱ्या करण्यात आठवडा गेला. दर वेळी परात पिवळी झाली आणि दर वेळी बहीण आधीपेक्षा पिवळी दिसली. तिसऱ्या वारीच्या दुसऱ्या दिवशी ती असंबद्ध बोलू लागली. मला ओळखेना. गाडी करून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावून पाहिलं, आईला बाहेर बसायला सांगितलं आणि मला विचारलं,

"पाणी कुठलं पिता?"

"नळाचं," मी म्हणालो.

त्यांनी ते कागदावर लिहिलं. बाकी काही विचारलं नाही.

बाळ पोटातच गेलं होतं. मुलगी होती. बहीण वाचली, कशीबशी, दोन आठवडे तिथंच होती. जवाई आले आणि तिला परस्पर साकोलीला घेऊन गेले. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

नंतर आरोग्याची माणसं गावात आली. पाण्याचा नमुना घ्यायचा होता. ताप-काविळीची आणखीही दोघं-तिघं निघाली होती, सगळी पाळीवरची. आरोग्यवाल्यांतला एक जण बाटली हातात घेऊन मला म्हणाला, "चला, कोणत्या नळावर घ्यायचा ते दाखवा." जिभेवर आलं होतं, माझ्या दारात चला. रस्ताही तोच होता. पण माझे पाय पंचायतीसमोर थांबले. बाटली भरली, झाकण लागलं. काही दिवसांनी कागद आला, पाणी पिण्यास योग्य. तो फाइलीला मीच लावला.

मी काहीच केलं नाही, असंही नाही. घरी येऊन मी माझा खड्डा बुजवला. मोहल्ल्यातल्या लोकांनाही सांगितलं, बुजवा रे, यानंच झालं. लोकांनी ऐकून घेतलं. माझ्या घरचं दुःख त्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी उलटून बोललं नाही, पण बुजवलंही नाही. शेजारची म्हातारी तेवढी म्हणाली, "मंग प्यावं काय बापा? हवा?" पंचायतीत मी पाळीसाठी वेगळी लाइन मागितली. ठराव घेतो म्हणाले. बुजवलेल्या खड्ड्यामुळे माझा नळ कोरडा झाला आणि माझी आई त्या म्हातारीच्या खड्ड्यात उतरून पाणी आणू लागली. या वयात, गुडघे धरून. पंधरा दिवसांनी मी टाकीवरून घरी आलो तर आई कुदळ घेऊन दारात खणत होती. मी तिच्या हातातून कुदळ घेतली. उरलेलं मी खणलं.

ब्लिचिंग आता दोन वेळा टाकतो. पाणी उकळून प्या म्हणतो. गॅस संपेल म्हणून कोणी उकळत नाही, आमच्याही घरी पंधरवड्यातून कधीतरी. नळी घेऊन मात्र अजून पंचायतीसमोरच जातो. एकदाच घरच्या नळावर तपासलं होतं, आई नसताना. काय आलं ते कोणाला सांगितलं नाही.

यंदा भाऊबीजेला बहीण आली. त्यानंतर पहिल्यांदाच. पुन्हा दिवस गेलेत, सहावा लागलाय. या वेळी बाळंतपण साकोलीलाच, ते न बोलताच ठरलेलं. तिनं मला ओवाळलं, आईच्या हातचे अनारसे खाल्ले. आईनं पाण्याचा ग्लास पुढे केला तेव्हा तिनं पिशवीतून आपली बाटली काढली. घरून आणलेलं कॅनचं पाणी. आईनं ग्लास उचलून आत नेला.

मग बहिणीची नजर खुंटीवरच्या माझ्या पिशवीकडे गेली.

"दादा, तुही ते नळी हाये ना? माह्यं पानी पाहून दे ना जरा."

मी टाळायला पाहिलं. म्हणालो, आज सण, उद्या बघू. ती ऐकेना. एक हात पोटावर ठेवून, दुसऱ्या हातानं बाटली माझ्यापुढे धरून उभी राहिली. मी नळी धुतली, तिच्या बाटलीतलं पाणी घेतलं, दोन थेंब सोडले आणि हलवलं.

पाणी पांढरंच राहिलं. थोडं थांबलो. आणखी एक थेंब टाकला. पांढरंच.

ते पाणी कुठून येतं, कोण भरतं, कॅन कशानं धुतात, मला काही ठाऊक नव्हतं. त्यात ब्लिचिंगचा अंशही नाही, एवढं दिसत होतं. माझ्या दारातल्या नळावर त्या दिवशी दिसलं होतं तसंच. मी सांगायला तोंड उघडलं, पण ती माझ्याआधी नळीकडे वाकली आणि तिचा चेहरा असा खुलला, जसा मी सव्वा वर्षात पाहिला नव्हता. तिनं आयुष्यात पाणी पिवळं होताना एकाच ठिकाणी पाहिलं होतं, त्या परातीत.

"पिवळं नाई झालं!" ती म्हणाली. "म्हणजे काई नाई ना दादा त्याच्यात? चांगलं हाये ना?"

आई दारात येऊन उभी होती. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"चांगलं हाये बाई," मी म्हणालो. "पी."