हे चावतं

शाळेच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. तीन खिडक्या, मधोमध काळ्या दगडाचं टेबल, भिंतीशी काचेचं कपाट. सकाळचं ऊन कपाटावर आलं की परीक्षानळ्यांच्या कडा एकामागून एक उजळत जात. त्या खोलीत एका माणसानं एकवीस वर्षं काच धुतली. पदाचं नाव प्रयोगशाळा परिचर, पण मुलं त्यांना भिंगमामा म्हणत. मामांचा चष्मा इतका जाड होता, की उन्हात जास्त वेळ उभे राहिले तर स्वतःचेच गाल भाजून घेतील, असं शिक्षकांच्या खोलीत बोललं जाई. तिथे विज्ञानाची चर्चा एवढीच होई.

बाटल्यांवरची लांबलचक नावं मामांना पाठ होती. मुलांच्या जिभेला ती झेपत नसत, म्हणून त्यांनी प्रत्येक बाटलीवर आपल्या गोल अक्षरात दुसरी चिठ्ठी डकवली होती. आम्लावर लिहिलं होतं, ‘हे चावतं.’ स्पिरिटवर, ‘ज्योत दाखवू नका, धावून येईल.’ निळ्याशार मोरचुदावर, ‘रूपावर जाऊ नका.’ नवा प्रयोग मुलांपुढे नेण्याआधी ते घरच्या ओट्यावर तीनदा करून बघत.

“अहो, ह्या पातेल्यात चहा ठेवू, की ह्यातही काही चावणारं आहे?” बायको विचारी.

“नुसता व्हिनेगर आणि खायचा सोडा. फेस येतो, इजा होत नाही.”

“लग्नाआधी तुमच्या आईनं तुमच्याबद्दल हेच सांगितलं होतं.”

एकवीस वर्षांत प्रयोगशाळेत एकाही मुलाचं बोट भाजलं नाही. अशा माणसाची दखल कोण घेणार? दखल घ्यायला आधी काहीतरी जळावं लागतं.

मग वरच्या कार्यालयाचं पत्र आलं: शाळेनं रंजक आणि सुरक्षित विज्ञान साहित्य ठेवावं. हेडसरांचा ‘सुरक्षित’ ह्या शब्दावर भारी जीव. झाडाची फांदी पडू नये म्हणून त्यांनी झाडच पाडलं होतं. त्यांनी मागणीपत्र घेतलं, ‘साहित्याचा प्रकार’ ह्या रकान्यात ‘विज्ञान, रंजक, सुरक्षित’ असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि सरकारी भांडाराकडे पाठवून दिलं.

आपल्या भाषेत साहित्य म्हणजे नळ्या-चिमटेही आणि कथा-कविताही. भांडाराचा कारकून नेमका रसिक निघाला. महिन्याभरानं दोन खोकी आली. मामांनी तान्ह्या बाळाचं दुपटं सोडवावं तसा वरचा कागद बाजूला केला. आत पुस्तकं होती. पाण्याच्या थेंबाचं मनोगत, लोहचुंबकाचं प्रेमपत्र, मेणबत्तीच्या कविता.

“सर, घोटाळा झालाय. परत पाठवू या.”

हेडसरांनी एक पुस्तक उचललं आणि टेबलावरून खाली सोडलं. “फुटलं?”

“नाही.”

“सांडलं? भाजलं? चावलं?”

“नाही, सर.”

“मग ह्याहून सुरक्षित विज्ञान कुठं मिळणार, मामा?”

ठरलं. सोमवारी तपासणीच्या बाई येणार, त्यांचा शेरा पडला की प्रयोगशाळेचं वाचनालय होणार. काचेचं कपाट अडगळीत आणि मामा फाटकाशी, घंटा वाजवायला.

“घंटा तरी चावत नाही ना?” बायको म्हणाली. मामा हसले नाहीत. मग तिनं चहाचं पातेलं न विचारताच प्रयोगासाठी त्यांच्यापुढे ठेवलं.

सोमवारी बाई आल्या. उंच, मोकळे केस, हातात शेऱ्यांची वही. “साहित्य दाखवा.”

हेडसरांनी पुस्तकांच्या कपाटाचं कुलूप काढलं.

“कुलूप कशाला?”

“मुलांच्या हाती लागू नये म्हणून,” हेडसर अभिमानानं म्हणाले.

सातवीतल्या एका मुलीला वाचायला उभं केलं. तिनं गोड आवाजात वाचलं: मेणबत्तीवर पेला पालथा पडला, आणि ज्योत अलगद निजली.

“का निजली?” बाईंनी विचारलं.

“पान उलट, पुढे असेल,” हेडसर कुजबुजले. पुढच्या पानावर देवमासा होता.

मुलगी म्हणाली, “बाई, मामांनी दाखवलंय. लहान पेल्याखालची आधी विझते, मोठ्याखालची नंतर. आत हवा जास्त असते ना!”

“दाखव बरं मला.”

हेडसरांनी मामांकडे असं पाहिलं, की काडीशिवायच काही पेटावं. मामांनी खोली उघडली. वाळूच्या थाळीत दोन मेणबत्त्या रोवल्या, ओलं फडकं हाताशी ठेवलं, पाण्याची बादली पायाशी. मुलांनी न सांगता बाह्या दुमडल्या, वेण्या मागे टाकल्या. काडी एकच, तीही मामांच्या हातात. ते ती ओढणार, तोच बाई कौतुकानं टेबलावर वाकल्या आणि त्यांचे मोकळे केस थेट वातीशी आले.

हेडसर मागून हात हलवत होते: गप्प राहा. एकवीस वर्षांची खोली त्या एका शेऱ्यावर टांगली होती. मामांनी काडी खाली ठेवली.

“बाई, आधी केस बांधा.”

“मामा!” हेडसर ओरडले.

“नियम आहे, सर. मुलांना वेगळी आणि साहेबांना वेगळी, अशी आग नसते.”

बाई सरळ झाल्या. मुलीनं खिशातून रबर काढून पुढे केलं. बाईंनी केस बांधले, आणि काय वाटलं कोण जाणे, बाह्याही दुमडल्या. मग वाती पेटल्या, पेले पालथे झाले आणि सगळा वर्ग मोठ्यानं आकडे मोजू लागला. अकराला लहान विझली. अठ्ठाविसाला मोठी. आकडे मोजणाऱ्यांत बाईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

जाताना त्यांनी वहीत एक ओळ लिहिली: ‘साहित्य उत्तम आहे. कुलूप नको, वापरात राहावे.’

कोणतं साहित्य, ते लिहायचं राहिलं. हेडसरांनी ती ओळ चौकटीत बसवून पुस्तकांच्या कपाटावर टांगली. मामांनी तीच गोल अक्षरात उतरवून प्रयोगशाळेच्या दारावर चिकटवली. शेऱ्याविरुद्ध जाऊन खोली बंद करायची हिंमत हेडसरांच्यात नव्हती, कारण ते सुरक्षित नव्हतं. घंटेचा आदेश फायलीत गेला आणि तिथेच निजला, पेल्याखालच्या ज्योतीसारखा.

पुस्तकांचं कुलूप निघालं, तरी मुलं सवयीनं त्या कपाटापासून दोन हात लांबच उभी राहत. शेवटी मामांनी त्यावरही एक चिठ्ठी डकवली: ‘हे चावत नाही. घ्या.’