साडूभाऊंचा मंगळ

आमच्या साडूभाऊंइतकं मंगळाचं मनावर घेतलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. लोक मंगळाची शांत करतात. यांनी त्याची चौकशी लावली. तरुणपणी पत्रिकेत मंगळ निघाला आणि ठरत आलेली तीन स्थळं मोडली. पुढं माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे अक्कानं, पत्रिका न बघताच होकार दिला. पण राग राहिला तो राहिलाच. "जो माझ्या पत्रिकेत घर करून बसला, त्याच्या घरी पूर्वी कोण राहत होतं ते बघायला नको?" असं म्हणून वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी मंगळावरच्या यंत्रासारखी सहा चाकांची गाडी करायला घेतली. चाकं खेळण्यातली, डोळा जुन्या मोबाइलचा, हात म्हणजे स्वयंपाकघरातला चिमटा. "माझा जीव खाऊन झाला, आता मंगळावर जीव शोधतायत," अक्का हातानंच फुलके उलटत म्हणायची.

दुष्काळात शहराबाहेरचं तळं आटून भेगाळलं. आम्ही टँकरच्या रांगेत कपाळाला हात लावून उभे, आणि हे गृहस्थ खूश! "अगदी मंगळच की हो! तिथंही पूर्वी पाणी होतं." या तळ्यात गाडीनं एकटीनं जुन्या जिवाची एक तरी खूण शोधली तरच ती खरी, अशी त्यांची जिद्द. पण शहर वाढत वाढत तिथवर आलेलं. लवकरच मुरूम टाकून प्लॉट पडणार होते. म्हणून दर रविवारी आमची स्वारी तळ्यावर. माणसानं काठावरची छत्री सोडून पुढं जायचं नाही, मंगळावर कोण जाणार? शिवाय तिथं निरोप पोचायला वेळ लागतो, म्हणून बटण दाबलं तरी गाडी पाव तासानंच हलेल अशी सोय त्यांनी करून ठेवलेली. एकदा शेळी गाडीची वायर चघळायला लागली.

"अहो, हाकला तिला!" मी ओरडलो.

"कशी हाकलणार? निरोप पोचायचाय अजून."

सापडायचं काय, तर चपलेचा अंगठा नाहीतर गुटख्याची पुडी. "नाय, हे कालचं," म्हणून पुन्हा पाव तास.

एका रविवारी मात्र बुलडोझरच समोर येऊन उभा राहिला. "काका, उचला तुमचं खेळणं," ड्रायव्हर म्हणाला.

"पाव तास थांबा. निरोप गेलाय."

"कुणाचा निरोप?"

साडूभाऊंनी त्याला मंगळापासून सगळं सांगितलं. तो कन्नड तालुक्याकडचा भला माणूस इंजिन बंद करून छत्रीखाली येऊन बसला. वेळ भरली, चिमटा गाळात शिरला आणि साडूभाऊंच्या मोबाइलच्या पडद्यावर दिसला नखाएवढा शंख!

"असले तर पायलीभर निघतात की," ड्रायव्हर हसला.

"मग इथं जीव व्हता का नाय?"

"व्हता की!"

साडूभाऊंनी चष्मा काढून डोळे पुसले. मग चालत गेले आणि लेकरासारखी गाडी कडेवर घेऊन आले.

"आमच्या गावचं तळंबी आटलंय, या की," ड्रायव्हरनं आवतण दिलं. यांनी गाडीला नवी चाकं बसवली, आणि निघायच्या आठवड्यात त्याचा फोन आला, "काका, लई पाऊस झाला. तळं काठोकाठ भरलं!"

"लई बेस झालं!" साडूभाऊ अगदी मनापासून म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र हातात पाना धरून बसून राहिले.

"आता पुन्हा आटेल तेव्हा मी नसेन," म्हणाले. "आणि आटूच नये. व्हय की नाय?"

जन्मभर त्यांची टिंगल करणारा मी, "व्हय," एवढंच म्हणालो.